निळा सोडून कुठलाही

टेलिफोन खात्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा आमच्या साताऱ्याच्या एक्स्चेंजमधून पहिला अर्ज माझा होता. उभी नोकरी केबलींचे सांधे जोडण्यात गेली होती. लोकांनी घरचे फोन काढून टाकल्यावर आम्ही जोडतोय ते नेमकं कुणासाठी, हे साहेबांनाही सांगता येत नव्हतं. मी घरी आले. सुरुवातीचे महिने बरे गेले. मग घरातलं एकेक बिघडलेलं यंत्र दुरुस्त करून झालं, मिक्सर दोनदा उघडून झाला, आणि आमचे हे म्हणाले, "आता चालणाऱ्या वस्तूंना तरी सुखानं जगू दे."

हे मूळचे माण तालुक्यातले. शाळेत मराठी शिकवत शिकवत मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. कॉलनीत त्यांना सगळे 'सर' म्हणतात. माणात पाऊस पडतो तसं ह्यांच्या तोंडून कौतुक पडतं. एखाद्या वर्षी, आणि तेही शेजारच्या गावात.

त्या रिकाम्या दिवसांत मी फोनवर एक व्हिडिओ पाहिला. एका माणसानं जिन्याच्या पायऱ्यांना एलईडीची पट्टी लावली होती आणि मोबाईलवर बोट फिरवलं की पायऱ्यांवरून रंग ओघळत होते. ते सगळं चालवत होता एक बोर्ड, ग्लुकोजच्या बिस्किटापेक्षा जरा लहान, आणि त्याच्या पोटात वायफाय. मला आधी रागच आला. आमच्या एक्स्चेंजला खोलीभर कपाटं, त्या कपाटांना गारवा, आणि आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. देवळात नसेल एवढं सोवळं. आणि इथं हे बिस्किट! मी ते मागवलं. पट्टीही मागवली. तिच्यातल्या प्रत्येक दिव्याला स्वतःची अक्कल असते. मधल्याच एका दिव्याला हिरवा हो म्हटलं तर तो एकटा हिरवा होतो, शेजारी काय करतोय ते बघत बसत नाही. आमच्या कॉलनीत या स्वभावाचं कुणी नाही.

जेवणाच्या टेबलावर मी दुकान मांडलं. जुनी सोल्डरिंग गन माळ्यावरून काढली, बोर्डावर कुणीतरी फुकट वाटलेला प्रोग्रॅम चढवला, तीन वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. पट्टीला झटका आला. काही दिवे लाल, काही जांभळे, सगळे तडफडतायत. मी प्रोग्रॅम पुन्हा चढवला, वायर बदलली, विकणाऱ्याला चार कडक ओळींचा शेरा लिहिला. दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना लक्षात आलं. बोर्डाला वीज एका चार्जरवरून दिली होती, पट्टीला दुसऱ्या सप्लायवरून, आणि दोघांचं ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वायर, मी एकमेकांना जोडलंच नव्हतं. टेलिफोन खात्यात हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि डोक्यात शिरलं नाही तर त्याला ऑफिसात बसवून अधिकारी करतात. मी गुपचूप वायर जोडली. पट्टी शहाण्यासारखी उजळली. शेरा मात्र काढायचा राहून गेला.

मग आणखी एक खोड निघाली. पांढरा रंग लावला की अलीकडचं टोक पांढरं आणि पलीकडचं गुलाबी व्हायचं. लांब पट्टीत वीज शेवटपर्यंत जाता जाता दमते. पाटाच्या तोंडाशी असलेल्यांचा ऊस उभा आणि शेवटच्या रानात धूळ, हा हिशेब आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी दुसऱ्या टोकाकडूनही सप्लाय दिला, कालव्याला जे कधी जमलं नाही ते पट्टीला जमलं, आणि सगळी पट्टी एकसारखी पांढरी झाली.

"जेवायचं कुठं?" ह्यांनी विचारलं. टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती.

दिवाळीच्या जरा आधी मी ती पट्टी गच्चीच्या कठड्याखाली बसवली, अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत, वर दुधी झाकण. दिवे दिसत नाहीत, फक्त कठड्याखालून रंगाची एक धार वाहतेय असं वाटतं. आमची कॉलनी किल्ल्याकडं तोंड करून आहे. संध्याकाळी सगळी मंडळी रस्त्यावर फेऱ्या मारतात, साखर आणि एकमेकांच्या बातम्या दोन्ही आटोक्यात ठेवायला. पहिल्या दिवशी मी केशरी लावला. जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर फाटकाशी थांबले आणि गहिवरून म्हणाले, "वा! आता कसं, आपलं वाटतंय." म्हणजे आधी घर कुणाचं वाटत होतं, ते मी विचारलं नाही. चार दिवसांनी हिरवा लावला. मला आपला तो तुळशीवर छान दिसायचा. तेच इंजिनिअर मान खाली घालून झपाझप निघून गेले. गुलाबी लावला तर समोरच्या बाईंनी घरी गोड बातमी आहे का म्हणून विचारलं. आमची मुलगी जर्मनीत, तिनं अजून लग्नाचंही नाव काढलेलं नाही.

तोवर हे सगळं गमतीतच चाललं होतं. लोकांना काहीतरी बोलायला हवं असतं, ते मी रोज संध्याकाळी कठड्याखाली लावून देत होते.

आम्ही बौद्ध. ते कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे आणि ते माहीत नसल्यासारखं वागण्यात सगळे इतके तरबेज आहेत की त्या खटाटोपावरूनच ते माहीत असल्याचं कळतं. एप्रिलात जयंती आली. मी सकाळी घरातल्या फोटोला हार घातला आणि संध्याकाळी कठड्याला निळा लावला. एकटा निळा. डावीकडून उजवीकडं अगदी सावकाश सरकणारी लाट. टेलिफोनच्या केबलीत पहिली जोडी निळ्या रंगाची असते. सांधा जोडताना सुरुवात तिच्यापासून करायची. इतकी वर्षं ज्या रंगावर पहिलं बोट ठेवलं तो कठड्यावर वाहताना बघून मला फार बरं वाटलं. हेही अंगणात खुर्ची टाकून बसले. "बरी आहे," म्हणाले. त्या वर्षीचा पाऊस पडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर संदेश. कुणाचंही नाव न घेता, सर्वांना नम्र विनंती. घरांवरील प्रखर रोषणाईमुळे ज्येष्ठ नागरिकांच्या झोपेवर परिणाम होतो. त्याखाली कुठून तरी आलेला एक लेख, निळा प्रकाश आणि डोळ्यांचे विकार. त्याखाली नमस्काराचे हात. आमची पट्टी मी रात्रीच्या जेवणाआधी बंद केली होती.

संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन आले, सोबत त्यांची बायको. चेअरमन फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, कृष्णाकाठी उसाची जमीन, आवाज परेडच्या मैदानावरचा. त्यामुळे कॉलनीत ते सुभेदार आणि त्या सुभेदारीणबाई.

"बसा सुभेदारसाहेब," हे म्हणाले.

"बसायला आलो न्हाई सर," असं म्हणत ते बसले.

मी चहाचं विचारलं.

"आत्ताच झाला."

आमच्याकडं येणाऱ्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो. सकाळी या, दुपारी या. या कॉलनीइतका चहा अख्ख्या महाराष्ट्रात कुठं होत नसेल.

"ताई, लायटिंग एक नंबर हाय," सुभेदार म्हणाले. "त्यात वादच न्हाई. पण त्यो निळा जरा डोळ्याला टोचतोय बगा. डॉक्टर म्हणत्यात, निळ्या उजेडानं झोप जाती."

"कुठले डॉक्टर?"

"आवं, ग्रुपवर आलं हुतं की."

"तुमच्या घराची एकही खिडकी आमच्याकडं नाही, सुभेदारसाहेब."

"माझं सोडा. मी बॉर्डरवर झोपल्याला माणूस. तोफ उडाली तरी कूस बदलत न्हाई. मी पब्लिकचं बोलतोय."

"पब्लिक म्हणजे कोण?"

"पब्लिक म्हंजी पब्लिक, ताई. त्येला काय नाव असतंय व्हय?" त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "मोबाईलवरनं रंग बदलतोय न्हवं? मग झालं की फटाफट. निळा सोडून कुठलाबी लावा. कोण चकार शब्द काढणार न्हाई."

"मग हिरवा लावते."

सुभेदारांनी रुमाल पुन्हा कपाळावरून फिरवला. सुभेदारीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हिरवा म्हंजी... आता हिरवा..." ते ह्यांच्याकडं वळले. "सर, तुमीच सांगा वो ह्यास्नी."

हे तोवर पेपरात होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "दिवाळीत तुमच्या घरावरची माळ महिनाभर लुकलुकत होती. आमची झोप कुठल्या रंगानं गेली, ते त्याच डॉक्टरांना विचारून सांगता का?"

"सर म्हंजी सर!" सुभेदार मोठ्यानं हसले आणि उठले. जाताना म्हणाले, रविवारी मीटिंग लावतो, सगळ्यांच्या मतानं काय ते ठरवू.

मीटिंग कॉलनीच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर मीटिंग असली की चारजण जमतात. त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं रंग हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण. कुणी म्हणालं आम्ही असलं काही मानत नाही, पण. त्या 'पण'च्या पुढं कुणी काही बोलत नव्हतं, सगळे मान डोलवत होते. शेवटी एकमतानं ठरलं की इथून पुढं सगळ्यांनी पांढरा लावावा. पांढरा कुणाचाच नाही.

तेवढ्यात ते इंजिनिअर उभे राहिले. म्हणाले, पांढऱ्यातही दोन जाती असतात. हा शब्द त्यांच्या तोंडून गेला आणि शेडमध्ये कुणीतरी उगाच खोकलं. "म्हणजे प्रकार," इंजिनिअर म्हणाले. एक पिवळसर पांढरा, एक निळसर पांढरा. पिवळसर कुणालाच टोचत नव्हता. निळसरावर पुन्हा चर्चा सुरू झाली.

मी हात वर केला. "माझ्या पट्टीत पांढरा दिवा नाहीच," मी म्हणाले. "प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असतो. तिन्ही लावले की पांढरा दिसतो. निळा काढला तर नुसता पिवळा उरतो. तेव्हा पांढरा पाहिजे असेल तर निळा किती घालू, ते मीटिंगनं ठरवावं."

सुभेदारांनी मनापासून विचार केला. त्यांना चेष्टा कळली नाही असं नाही, पण समोर प्रश्न आला की निर्णय द्यायचा ही फौजेची सवय.

"घाला," ते म्हणाले, "गरजेपुरता."

हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. सुभेदारांनी बोलायला काही शिल्लक ठेवलंच नव्हतं. मी घरी आले आणि जयंतीचा आठवडा संपेपर्यंत निळाच ठेवला, एकटा, गरजेपेक्षा पुष्कळ. लेखी तक्रार कुणीच दिली नाही. लेखी द्यायची तर 'पण'च्या पुढचं लिहावं लागलं असतं.

मे महिन्यात एका दुपारी मागच्या दारावर थाप पडली. सुभेदारीणबाई एकट्या. हातात कैऱ्यांची पिशवी.

"ताई, मला ती लायटिंग शिकवा," त्या दारातच म्हणाल्या.

"कसली?"

"वट्ट्यावर लावायला. ट्यूब माझ्या पाठीमागं हाय. सुरी घेऊन हुभी ऱ्हायली की भाजीवर माझीच सावली. हजारदा सांगितलं ह्यास्नी. अख्खी नोकरी फौजेच्या सिग्नलमधी, वायरलेसवर काढली, घरचा फ्यूज गेला की वायरमनला फोन लावत्यात."

मी त्यांना टेबलाशी बसवलं. पट्टी कशी कापायची, तांब्याचा ठिपका कुठं असतो, त्यावर सोल्डर कसं द्यायचं, सगळं दाखवलं. त्यांचा पहिला सांधा हरभऱ्याएवढा जाड झाला. दुसऱ्या वेळी त्यांनी बोट भाजून घेतलं आणि एक अशी शिवी दिली की मी ती सुभेदारांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मग आम्ही दोघी हसत सुटलो. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "चहा टाका की. माझा अजून झाल्याला न्हाई."

मी चहा टाकला. कप टेबलावर ठेवला तसा त्यांनी बशीत ओतून फुर्रकन प्यायला सुरुवात केली. माझ्या डोक्यात प्रश्न होता तो मी विचारून टाकला. "त्या दिवशी पदराआड का हसलात?"

"मग काय करू? ह्यास्नी हिरव्यानं पार आडवं केलं तुमी." बशी खाली ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, "ताई, एक सांगू? ह्यास्नी त्यो निळा एवढा टोचत न्हाई. तुमची गच्ची टोचती. आमच्यापेक्षा एक मजला चढ हाय न्हवं तुमचा. गावाकडं असलं बघायची सवय न्हाई वो आमाला."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जसं काही पाटाच्या पाळीबद्दल बोलतायत. मला राग यायला हवा होता. पण ज्या शेडमध्ये सगळे 'पण'पाशी थांबले होते तिथं वाक्य पुरं करणारी ही पहिलीच. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. त्यांच्या ओट्याला आम्ही पिवळसर पांढरी पट्टी लावली. तिला वायफाय नको म्हणाल्या. "ह्यांच्या मोबाईलवर गेलं की स्वयंपाकघरबी ह्यांचंच."

भाद्रपदाआधी सुभेदार पुन्हा आले. या वेळी बसायलाच आले. कॉलनीच्या गणपतीची कमान करायची होती.

"ताई, तुमच्याबिगर कोण हाय आमाला? शेजारची कॉलनी लय उड्या मारतीया. असलं काय तरी करा की त्येंची बोलती बंद झाली पायजे."

"रंग कुठला?"

"कुठलाबी करा! रंगाला काय बंदी हाय व्हय?"

ह्यांनी मला आत बोलावून सांगितलं, नाही म्हण. मी हो म्हटलं. स्वाभिमान वगैरे ठीक आहे, पण एवढी मोठी कमान करायला मला कुणी आयुष्यात दिली नव्हती. मोराच्या पिसाऱ्यासारखी अर्धवर्तुळं, एकात एक, मधून रंग फुलत जाणारे. मी त्यात बुडून गेले. कामाला कुणी आलं नाही. सूचना द्यायला मात्र रोज माणसं यायची. सुभेदारीणबाई दुपारी येऊन सांधे जोडून द्यायच्या. त्यांचा हात आता सुबक झाला होता. सुभेदारांना मात्र ही बाई कीर्तनाला गेलीय असं वाटायचं.

एक चूक मात्र मी केली. कमिटीनं सांगितलं, चालवायचं आम्हालाही येऊ दे. मी सगळ्यांच्या मोबाईलमध्ये रंग बदलायचं अॅप टाकून दिलं. लोकशाही.

पहिल्या संध्याकाळच्या आरतीला कमान लागली. मंडप थक्क झाला, हे मी माझ्या तोंडानं सांगते कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पिसारा जेमतेम दोनदा फुलला असेल. मग सुभेदारांनी मोबाईल काढून सगळा केशरी केला. इंजिनिअरांना तो फिका वाटला, त्यांनी गडद केला. खजिनदारांच्या सूनबाईंना पिवळा हवा होता. कुणाचा तरी अंगठा चुकून हिरव्यावर पडला, त्याबरोबर तिघांनी एकदम तो काढायला बोटं आपटली. कमान लाल, पिवळी, जांभळी, पुन्हा लाल. आरती म्हणणारे ताल सोडून कमानीकडं बघत राहिले. झांजा वाजवणारा कमानीच्या तालावर वाजवू लागला. बिस्किटाएवढा तो बोर्ड, एवढे साहेब एकदम हुकूम सोडायला लागल्यावर त्यानं काय करावं? तो बंद पडला. अंधार. कुणीतरी जुनी ट्यूब लावली आणि बाकीची आरती तिच्या उजेडात झाली.

मी मागं जाऊन सप्लाय काढला, परत लावला आणि गुपचूप वायफायचा पासवर्ड बदलला. कमान पुन्हा लागली आणि विसर्जनापर्यंत व्यवस्थित चालली. सगळे शेवटपर्यंत मोबाईल दाबत होते. कमान आपलंच ऐकते अशी प्रत्येकाची समजूत होती.

त्या पहिल्याच संध्याकाळी, आरती संपल्यावर, माइकवर घोषणा झाली. "ही नयनरम्य रोषणाई ज्यांच्या कल्पकतेतून साकारली, त्या आपल्या सरांचा सत्कार चेअरमनसाहेब शाल आणि श्रीफळ देऊन करतील."

मी कमानीच्या मागं उभी होते, हातात पक्कड. हे पुढं गेले. शाल अंगावर पडली. माइक हातात आला. हे म्हणाले, "मी केवळ निमित्तमात्र."

निमित्तमात्रही नव्हते. त्यांनी एका वायरला हात लावला नव्हता.

घरी आल्यावर मी विचारलं, "घेतलीत कशी?"

"अगं, टाकलीच त्यांनी अंगावर. काढून फेकू?"

"सांगायचं होतंत."

"सांगणार होतो. पण निमित्तमात्र म्हणेपर्यंत त्यांनी माइक काढून घेतला."

ज्या माणसाच्या हातून परिपाठाचा माइक कधी शिक्षणाधिकाऱ्यालाही काढून घेता आला नाही, तो हे सांगत होता. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी ग्रुपवर शुद्ध मराठीत लिहिलं: 'कमानीचे संपूर्ण काम माझ्या पत्नीने केले आहे. मला साधा बल्बही बदलता येत नाही.' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. सगळ्यांना वाटलं, सर नेहमीप्रमाणं विनोद करतायत. सुभेदारांनी लिहिलं, 'मोठ्या माणसांचा मोठेपणा.'

पुढच्या एप्रिलात माझ्या धाकट्या भावाचा तासगावहून फोन आला. तो बेदाण्याच्या शेडवर मुकादम आहे. आमच्या माहेरच्या गावात नवीन विहार झालं होतं. "आक्का, जयंतीला विहाराला तुजी लायटिंग पायजे. कमिटीला मी शब्द दिलाय." मी पट्ट्या, बोर्ड आणि हत्यारं घेऊन एसटीत बसले. मनात म्हटलं, आता आपल्या माणसांत चाललो. इथं रंगाची भानगड नाही.

रंगाची नव्हतीच. निळा म्हणजे निळा, बैठकही लागली नाही. भानगड दुसरीच निघाली. विहाराच्या दारावर मी शिडी लावली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तसे कमिटीचे अध्यक्ष धावत आले. ते शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, समतेवर भाषण करण्यात तालुक्यात नाव.

"ताई, खाली या. बाईमाणसानं शिडीवर चढू नये."

"का?"

"बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील? मिस्टर नाही आले का तुमचे?"

"ते आले तरी वर मीच चढणार. त्यांना चक्कर येते."

"मग पोरांकडून करून घ्या. तुम्ही खालून सांगा."

पोरं डीजेच्या गाडीपाशी होती. ती कमिटीला दिसत होती, पण कमिटीचं ऐकत नव्हती. मी भावाला शिडी धरायला सांगितली आणि चढले. अध्यक्ष खाली उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "निदान देणगीदारांची नावं फिरवता येतील का तुमच्या लायटिंगवर? पहिलं कुणाचं ते मी सांगतो."

"नाही येणार."

येत होती. पण वर शिडीवर माझ्या तोंडात स्क्रू होते आणि मला तेवढंच बोलता आलं.

दिवस मावळला आणि विहाराची कमान, घुमट, पायऱ्या निळ्या उजेडानं भरून गेल्या. माझ्या आजवरच्या कामातलं ते सगळ्यात देखणं काम. ते पाहिलं मी, भावानं आणि एका म्हाताऱ्यानं. कारण तेवढ्यात डीजे सुरू झाला. गाडीवरचे झोत आभाळात फिरायला लागले, छातीत धडधड, गुलाल, फेटे. थोड्या वेळात विहाराची लायटिंग बंद पडली. डीजेवाल्यानं आमच्याच लाइनवरून काहीतरी जोडून घेतलं होतं, माझा सप्लाय जळाला. मी अध्यक्षांना शोधून त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, लायटिंग गेली. ते हात जोडून ओरडले, "फार सुंदर! फार सुंदर!"

सकाळी मी आणि भाऊ तासगावला जाऊन नवा सप्लाय घेऊन आलो. गावात सामसूम होती, सगळे झोपलेले. मी शिडीवर चढले, कुणी नको म्हणायला आलं नाही. दुपारपर्यंत सगळं पुन्हा जोडलं. संध्याकाळी मी लावून दाखवलं तेव्हा भावजय आणि गल्लीतल्या तिघीचौघी विहाराच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. त्या भावासोबत शेडवर बेदाणा निवडायला जातात. मोठ्या, बारक्या, काळ्या मण्यांवर दिवसभर डोळे लावून आलेल्या. आता मान वर करून त्या निळ्याकडं बघत होत्या.

मग भावजयीनं विचारलं, "आक्का, तुमी उद्या जाणार. ह्ये लावायचं, बंद करायचं कसं?"

"मोबाईलवरून."

"कुणाच्या?"

मी विचार केला. अध्यक्षांच्या मोबाईलवर टाकलं तर देणगीदार. पोरांच्या मोबाईलवर टाकलं तर डीजे. भावजयीच्या मोबाईलला फक्त बटणं होती आणि त्यातलंही एक निखळलेलं.

"थांब," मी म्हणाले.

पिशवीत तळाशी एक साधं, भिंतीवरचं बटण पडलेलं होतं. मी ते दाराच्या चौकटीशी, तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर बसवलं, दोन वायरी आवळल्या आणि बाजूला झाले. भावजयीनं पदराला हात पुसले आणि बटण वर उचललं. अंधार झाला. खाली दाबलं. पायऱ्या निळ्या झाल्या. तिनं आणखी दोनदा करून बघितलं. मग दुसरीनं तिला ढकलून स्वतः करून बघितलं.

"आता पुरं की," तिसरी म्हणाली, "जाईल नायतर."

"जात न्हाई," भावजय म्हणाली. "गेली तर आक्का हायत की."

मी शिडी मिटून भिंतीला लावली.